नटाच्या तारखा

मराठी नटाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: मालिका, सिनेमा की नाटक? उत्तरही ठरलेलं असतं, तिन्हींची मजा वेगळी वगैरे. खरं उत्तर त्याच्या फोनमधल्या कॅलेंडरात असतं. कुठली भूमिका मिळाली, कुठली हातची गेली, सिनेमात तो अचानक बारीक का दिसतो, मालिकेतला त्याचा माणूस एकाएकी परदेशी का रवाना झाला, या प्रश्नांची उत्तरं अभिनयापेक्षा तारखांमध्ये लवकर सापडतात. नटाच्या कारकिर्दीवर लिहिताना आपण भूमिकांची यादी देतो आणि तारखांचा हिशेब सोडून देतो. इथे तो हिशेब मांडतो.

सुरुवात रोजच्या मालिकेपासून, कारण आज बहुतेक नटांचं घर त्यावर चालतं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की बावीस मिनिटांच्या आसपास मजकूर लागतो. आठवड्याला सहा भाग धरले तर १३२ मिनिटं. म्हणजे मालिकेचं युनिट दर आठवड्याला एका मराठी सिनेमाएवढी लांबी भरून काढतं. सिनेमा तेवढ्यासाठी तीस-पस्तीस दिवस घेतो, दिवसाला तीन-चार मिनिटं हाती लागली तरी दिग्दर्शक खूश असतो. मालिकेत दिवसाला वीस मिनिटं निघाली नाहीत तर ईपीचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरचा, फोन वाजायला लागतो. रविवारचा महाएपिसोड जाहीर झाला की दुसरं युनिट लावतात, आणि मग एकच नायिका सकाळी एका युनिटवर रडते आणि दुपारी दुसऱ्या युनिटवर तिची हळद लागते.

या वेगामुळे बँकेला महत्त्व आलं. बँक म्हणजे चित्रित होऊन, संकलित होऊन तयार असलेले भाग. आठ-दहा भागांची बँक असली तर युनिट निवांत, दोनच भाग उरले तर सगळ्यांची झोप उडालेली. नटाने सुट्टी मागायच्या आधी बँक किती आहे हे विचारावं. बँक भरलेली असताना चार दिवस सहज मिळतात, रिकामी असताना घरचं लग्नही अडचणीत येतं. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं तेव्हा बँक काही दिवसांतच संपली आणि वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली, तेव्हा मात्र अनेक मालिकांनी कलाकारांसकट गोवा, सिल्वासा असा मुक्काम हलवला. वाहिनीला रिकामा स्लॉट परवडत नाही, हे आधीच्या वर्षी सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आता करार. मालिकेत मानधन दिवसावर ठरतं आणि कामाचे दिवस महिन्यावर. मुख्य जोडीकडून महिन्याचे बावीस ते पंचवीस दिवस मागतात, आई-वडील किंवा खलनायिका यांचे बारा ते अठरा, शेजारच्या काकूंचे पाच-सहा. करारात पाहण्याची पहिली गोष्ट किमान हमीचे दिवस. बारा दिवसांची हमी असेल आणि तुमचा ट्रॅक, म्हणजे तुमच्या पात्राभोवतीचं कथानक, आटला म्हणून सातच दिवस बोलावलं, तरी बाराचे पैसे मिळायला हवेत. हमीचा आकडा कागदावर नसेल तर ‘पंधरा दिवस तर लागतीलच’ या तोंडी आश्वासनाला अर्थ नसतो. नवा नट दिवसाचा दर वाढवून घेण्यात शक्ती घालवतो, जुना हमीचे दिवस वाढवून घेतो. माझ्या मते जुन्याचं बरोबर आहे.

दुसरी गोष्ट एक्स्क्लुझिव्हिटी, म्हणजे दुसरीकडे काम न करण्याची अट. मुख्य कलाकाराला दुसऱ्या वाहिनीवर दिसायची परवानगी नसते, ते ठीक. पण काही करारांत सिनेमा, वेब मालिका, जाहिराती, इतकंच काय सुपारी (पैसे घेऊन हजेरी लावायचे) कार्यक्रमसुद्धा ‘लेखी परवानगीशिवाय नाही’ या एका ओळीत अडकलेले असतात. नाटक करणाऱ्या नटाने तिथे ‘रंगभूमीवरील प्रयोग वगळून’ हे शब्द घालून घ्यावेत, आणि महिन्यातले कुठले शनिवार-रविवार मोकळे मिळणार हे जोडपत्रात लिहून घ्यावं. तिसरी गोष्ट नोटीस. वाहिनी मालिका थांबवते तेव्हा कधीकधी दोन-तीन आठवड्यांत सगळं आवरतं, पण नटाला बाहेर पडायचं असेल तर महिना, दोन महिने, क्वचित तीन महिने आधी कळवायची अट असते. ही असमानता पूर्ण जात नाही, पण घासाघीस करून कमी होते.

नाटकाचा हिशेब वेगळा. तिथे प्रयोगामागे नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते, आणि बहुतेकदा ती त्याच दिवशी पाकिटातून किंवा लगेच खात्यात येते. मालिकेचे पैसे तीन महिन्यांनी येणार असतात, त्यामुळे ही नाइट रोजच्या खर्चाला उपयोगी पडते, आणि मराठी नट नाटक सोडत नाही त्यामागे कलेच्या प्रेमाइतकंच हेही कारण आहे. अडचण वेळेची. रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग पुण्याला बालगंधर्वमध्ये असेल तर पहाटे मुंबई सोडावी लागते. शनिवारचं पॅकअप रात्री दहाला झालं तर झोप गाडीत. मालिकेचा सेट मढला, घोडबंदर रोडला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत, आणि संध्याकाळचा प्रयोग शिवाजी मंदिरला, असा दिवस कागदावर जमतो, रस्त्यावर जमत नाही. चार वाजता सोडू असं कबूल करणारं युनिट साडेपाचला सोडतं, कारण तुमच्याबरोबरच्या नटीचे क्लोज, म्हणजे फक्त चेहऱ्याचे जवळून घ्यायचे शॉट, राहिलेले असतात. म्हणून जाणकार नट सकाळीच एडीला, म्हणजे सहायक दिग्दर्शकाला, सांगतो की आधी माझ्या कॉम्बिनेशनचे (इतर नटांबरोबरचे) सीन लावा, एकट्याचे क्लोज नंतर कधीही देतो.

कॉम्बिनेशन हा तारखांमधला सगळ्यात अवघड भाग. सात जणांचं जेवणाच्या टेबलावरचं दृश्य म्हणजे सात कॅलेंडरं एकाच वेळी मोकळी हवीत. त्यात एकाचा दौरा, एकीची परीक्षा, एकाचं सिनेमाचं शेड्यूल. मग लेखकाला रातोरात सातातले दोन जण देवळात पाठवावे लागतात. प्रेक्षकांना वाटतं की कथा भरकटली, पण बऱ्याचदा कथा तारखांना शरण गेलेली असते. मालिका सातारा-वाई भागात किंवा कोल्हापूर, नाशिकला चालू असेल तर हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. नट पंधरा-वीस दिवस तिथेच राहतो, कॉम्बिनेशन आपोआप जमतं, पण त्या काळात मुंबईतली ऑडिशन, लुक टेस्ट, मीटिंग सगळं हुकतं.

पूर्वी हे एवढं घट्ट नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि पुढची दोन-अडीच दशकं मालिका म्हणजे प्रामुख्याने आठवड्याला एक भाग, तेरा भागांची मंजुरी, जमलं तर मुदतवाढ. नटाला महिन्यातले चार-सहा दिवस द्यावे लागत. त्यामुळे त्या पिढीला नोकरी, नाटक, दूरदर्शन आणि सिनेमा एकत्र ओढता आला. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत नाटकं करत होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. १९९९मध्ये अल्फा मराठी आणि २०००मध्ये ई टीव्ही मराठी आली, रोजच्या मालिका हा वाहिन्यांचा कणा बनला आणि हा जोडधंद्याचा रस्ता जवळजवळ बंद झाला. आज महिन्याचे पंचवीस दिवस देणारा नट दुसरी नोकरी सोडाच, दाताच्या डॉक्टरकडेही वेळेवर जाऊ शकत नाही.

तारीख मोकळी असली तरी चेहरा मोकळा असतो असं नाही. सिनेमासाठी दाढी वाढवायची आहे आणि मालिकेत तुम्ही गुळगुळीत दाढी केलेले बँक मॅनेजर आहात, इथेच कितीतरी भूमिका बारगळतात. युक्त्या आहेत, पण प्रत्येकीची किंमत आहे. खोटी दाढी स्पिरिट गमने चिकटवतात. तासाभरात घामाने कडा सुटतात, जबड्याजवळ आधी, कारण बोलताना तिथली त्वचा सतत हलते. नाटकात आठव्या रांगेपासून ते कुणाला दिसत नाही, सिनेमाच्या टाइट क्लोजमध्ये दाढीखालच्या जाळीची किनार स्वच्छ दिसते. रोज गम लावून-काढून आठवड्याभरात त्वचा सोलवटते, म्हणून रिमूव्हर न वापरता दाढी ओढून काढू नये आणि गम लावायच्या आधी त्वचेवर बॅरिअर क्रीम असावं. उलट बाजूने, म्हणजे मालिकेतच दाढी आणून, प्रश्न सोडवणं सोपं: ‘आजारपणामुळे दाढी वाढली’ असा दोन भागांचा ट्रॅक लिहून घेता येतो. वाहिनी मान्य करेलच असं नाही.

ऐतिहासिक मालिकेत हे सगळं दुप्पट होतं. अमोल कोल्हे यांनी २००८मध्ये छत्रपती शिवाजी महाराज आणि २०१७पासून छत्रपती संभाजी महाराज छोट्या पडद्यावर उभे केले. अशा भूमिकेत विग, दाढी, जिरेटोप, अंगरखा, दागिने चढवायलाच तास-दीड तास जातो, म्हणजे नऊच्या शॉटसाठी कॉल सातचा. घोडा, तलवार, दांडपट्टा यांचा सराव वेगळा, आणि त्याचे दिवस सहसा मानधनात धरलेले नसतात. करार करताना ‘प्रशिक्षणाचे दिवस’ हा रकाना कोरा ठेवू नये.

सिनेमाची उलटी अडचण पॅचवर्कची, म्हणजे राहिलेले शॉट नंतर घेण्याची. मुख्य शेड्यूल संपतं, नट केस कापून मालिकेत जातो, आणि चार महिन्यांनी संकलकाला कळतं की दोन प्रतिक्रिया आणि एक दारातून आत येण्याचा शॉट हवाच आहे. आता ते केस कुठून आणायचे? शेवटच्या दिवशी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, विगसाठी केसांचा रंग आणि लांबी मेकअपदादाच्या वहीत नोंदवावी, आणि करारात पॅचवर्कचे दोन-तीन दिवस आधीच मोजलेले असावेत. नाहीतर ते ‘दादा, फक्त अर्धा दिवस’ म्हणून फुकट जातात.

कॅमेऱ्यासमोर काय बदलतं, हा खरं तर या लेखाचा आवडता भाग. मालिकेतून सिनेमात गेलेल्या नटावर एक शेरा ठरलेला असतो, ‘टीव्हीसारखं करतोय’. म्हणजे नेमकं काय?

मालिकेत ब्रेकच्या आधी आणि भागाच्या शेवटी प्रतिक्रिया धरून ठेवावी लागते. तीन ते पाच सेकंद चेहरा जिवंत पण स्थिर, कारण त्यावर संगीत चढणार असतं, कधीकधी तोच शॉट तीनदा वापरला जाणार असतो. दोन-तीन कॅमेरे एकदम चालू असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या वाक्यावरही तुम्ही फ्रेममध्ये असता. दोन वर्षं हे केलं की भाव आधी गोळा करून मग दाखवायची सवय लागते. सिनेमात तो भाव मोठ्या पडद्यावर चाळीस फूट रुंद होतो. तिथे डोळ्याची हालचाल उशिरा आणि कमी लागते, आणि शॉट कुठे कापला जाईल हे नटाने ठरवायचं नसतं. त्यामुळे ‘थांबून राहणं’ ही मालिकेतली शिस्त सिनेमात दोष ठरते. सिनेमाच्या आधी आठ-दहा दिवस मोकळे मागणारे नट नखरे करत नसतात, ही सवय उतरवायला तेवढा वेळ लागतो.

पाठांतराचंही तसंच. सिनेमाची संहिता आधी हातात येते, वाचनं होतात. मालिकेचा सीन फोनवर येतो, कधी मेकअप चालू असताना, कधी लायटिंग झाल्यावर. घोकंपट्टी करणारा इथे हमखास अडकतो, कारण शेवटच्या क्षणी लेखक किंवा वाहिनी एक वाक्य बदलते आणि पुढची माळ तुटते. टिकणारी पद्धत अशी: आधी सीन एकदा फक्त वाचायचा आणि आपल्याला समोरच्याकडून काय हवं आहे ते एका वाक्यात ठरवायचं. मग स्वतःच्या वाक्यांऐवजी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द पाठ करायचे, कारण क्यू, म्हणजे आपण बोलायची खूण, तिथून मिळतो. नावं, नाती, आकडे, औषधांची नावं वेगळी अधोरेखित करायची, जीभ तिथेच घसरते. मोठं स्वगत असेल तर हालचालींना बांधायचं: इथे पेला ठेवला, इथे खिडकीकडे वळलो. अडखळलात तर थांबू नये, वाक्य पुन्हा घ्यावं. संकलक मधला तुकडा प्रतिक्रियेने झाकतो. सेटवर प्रॉम्प्टिंग, म्हणजे मागून कुणीतरी वाक्यं सांगणं, मिळतं, पण त्याची सवय लागलेल्या नटाचे कान मागे आणि डोळे पुढे असतात, आणि क्लोजमध्ये ते दिसतं.

फ्रेम विचारायला लाजू नये. डीओपीला, म्हणजे छायाचित्रण दिग्दर्शकाला, ‘कुठपर्यंत आहे?’ असं विचारलं की तो हाताने छाती किंवा गळा दाखवतो. छातीपर्यंत असेल तर हात बोलू शकतात. गळ्यापर्यंत असेल तर हात हलवल्याने फक्त खांदे उगाच उडतात. जमिनीवरच्या टेपच्या खुणेवर पोचणं सिनेमात जास्त कडक असतं, कारण लांब लेन्सवर आणि उघड्या अ‍ॅपर्चरवर फोकसची खोली, म्हणजे चित्र स्पष्ट दिसतं तेवढा पट्टा, काही इंचांची असते. तुम्ही अर्धं पाऊल पुढे गेलात तर उत्तम टेक धूसर निघतो, आणि दोष फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरच्या माथी जातो. खुणेकडे खाली बघता येत नाही, म्हणून तालमीत मागे-मागे पावलं मोजत जावं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातली एखादी वस्तू, टेबलाची कड किंवा दाराची चौकट, खूण म्हणून धरावी.

आवाज हा मालिकेतला दुर्लक्षित कोपरा. लेपल माइक छातीवर असतो. मंगळसूत्राची वाटी त्यावर आपटते, कडक रेशमी पदर खरखरतो, मिठीच्या दृश्यात समोरच्याचं सगळं वाक्य घुसमटतं. साउंड रेकॉर्डिस्टला माइक पदराच्या आत टेपने बांधू द्यावा, मंगळसूत्र आतून छोट्या टेपने स्थिर करून घ्यावं, मिठीतलं वाक्य मिठीच्या आधी किंवा नंतर बोलायला सुचवावं. नाटकातून आलेला नट शेवटच्या शब्दावर जोर देतो, टीव्हीचा माइक तो जोर फुगवतो. उलट काही नवे नट इतकं हळू बोलतात की एसीचा आवाज त्यांच्याहून मोठा येतो. कुजबुजीतही व्यंजनं स्वच्छ हवीत.

आणि रडणं. ग्लिसरीन डोळ्यात घालत नाहीत, खालच्या पापणीच्या आतल्या कडेला अगदी थोडं लावतात. जास्त झालं तर आग होते, डोळे लाल होतात आणि पुढच्या सीनमध्ये, जो कथेत आदल्या दिवशी सकाळचा असतो, ते लाल डोळे घेऊन हसावं लागतं. मेंथॉलची कांडी डोळ्याखाली फिरवली की खरं पाणी येतं, पण नाकही वाहतं. रडण्याचा सीन असेल तर आपला क्लोज आधी घ्यायची विनंती करावी. मास्टर (सगळा सीन एकत्र दाखवणारा शॉट), समोरच्याचा क्लोज, खांद्यावरून घेतलेला शॉट असं करत चौथ्या सेटअपला तुमची पाळी येते तेव्हा खरे अश्रू संपलेले असतात. बहुतेक दिग्दर्शक ऐकतात. न ऐकणारेही भेटतात, तिथे मास्टरमध्ये हात राखून करावं, सगळं ओतू नये.

कॉन्टिन्युइटीची, म्हणजे सीन-सीनमधले तपशील जुळवण्याची, जबाबदारी एडीची असते, पण नुकसान नटाचं होतं. एका दिवसात २१४, २१५ आणि २१७ या भागांतले दिवाणखान्यातले सगळे सीन एकदम होतात. २१५च्या शेवटी थप्पड बसते, म्हणून २१७मध्ये गालावर हलकी खूण हवी, आणि ते सकाळी आधी शूट होतंय. प्रत्येक सीननंतर पूर्ण उंचीचा एक आणि चेहऱ्याचा एक फोटो, फोटोला भाग आणि सीनचा क्रमांक, कुठल्या हातात फोन होता, पदर कुठल्या खांद्यावर, बाही किती दुमडलेली. हे दोन मिनिटांचं काम आहे. प्रेक्षक चुका पकडतात आणि समाजमाध्यमांवर नटाच्या नावाने टाकतात, एडीचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

पैशांकडे वळतो, कारण करिअर बसतं ते इथे. मालिकेचे पैसे बहुतेक करारांत ९० दिवसांनी मिळतात. म्हणजे जूनमधल्या कामाचे पैसे सप्टेंबरच्या शेवटी. नव्या नटाने पहिले चार महिने खिशातून चालवायची तयारी ठेवूनच मालिका घ्यावी. प्रवास, स्वतःचा हेअरड्रेसर, आधुनिक कपड्यांची भूमिका असेल तर काही कपडे, हा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो. दर महिन्याच्या शेवटी दिवसांची नोंद ईपीकडून लेखी, निदान मेसेजवर, कबूल करून घ्यावी: कुठल्या तारखेला किती तास, कुठला दिवस रद्द झाला आणि किती आधी कळवलं. तीन महिन्यांनी वाद झाला तर आठवणीचा काही उपयोग नसतो. सिन्टा, म्हणजे १९५८पासूनची सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, थकलेल्या पैशांच्या तक्रारी घेते, पण सदस्यत्व, करार आणि नोंदी या तिन्ही गोष्टी हातात असतील तर काम पुढे सरकतं.

मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच धरला जाणारा प्राप्तिकर, कापला जातो. तो आपल्या पॅनवर जमा झालाय का हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर दर तिमाहीला बघावं, कारण कापलेला टीडीएस न भरणारे निर्माते असतात. वर्षाची एकूण प्राप्ती २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि १८ टक्के जीएसटी बिलात लावावा लागतो. इथे एक सापळा आहे: बिल केलं की कर भरायची वेळ लगेच पुढच्या विवरणपत्रात येते, पैसे मात्र ९० दिवसांनी. म्हणजे दोन लाखांच्या बिलावर ३६ हजार रुपये नटाने स्वतःच्या खिशातून आधी भरायचे. निर्मात्याशी बोलून निदान जीएसटीची रक्कम बिलाबरोबर लगेच मिळावी असं ठरवता येतं, आणि ते करारात लिहून घेतलेलं बरं. ज्यांची प्राप्ती ५० लाखांच्या (रोखीतली ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांच्या) आत आहे त्यांना निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून हिशेबाच्या वह्यांतून सुटका मिळवायची सोय प्राप्तिकरात आहे, चित्रपट कलाकार त्यात बसतात. मग आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. मात्र निम्म्याहून जास्त खर्च खरोखर होत असेल तर सीएला विचारून वह्या ठेवाव्यात.

सिनेमाचे पैसे हप्त्यांनी येतात: साइनिंग, शेड्यूलप्रमाणे हप्ते, शेवटचा हप्ता डबिंगच्या आधी. हा शेवटचा नियम नटांच्या पिढ्यांनी अनुभवातून पक्का केलाय. डबिंग झालं की निर्मात्याला तुमची गरज संपते. हल्ली सिंक साउंडवर, म्हणजे सेटवरच आवाज रेकॉर्ड करून, शूटिंग होतं म्हणून ‘डबिंग फारसं नाही’ असं सांगतात. तेव्हा शेवटचा हप्ता शूटिंगच्या शेवटच्या आठवड्याला बांधून घ्यावा.

लहान मुलं मालिकेत असतील तर वेगळे कायदेशीर नियम आहेत आणि पालकांना ते पाठ हवेत. २०१७च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मिळकतीपैकी निदान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जावी लागते. सेटवर उशीर झाला की पहिल्यांदा हेच नियम वाकवले जातात. पालकाने घड्याळ बघून उठावं, वाईटपणा घ्यावा.

तारखांचा आणखी एक भाग वयाचा. मालिकेत आई-वडिलांच्या भूमिकांना वयाच्या चाळिशीतच बोलावणं येतं, आणि एकदा पंचविशीच्या नायकाची आई झालात की परत मागे जाणं कठीण. दिलीप प्रभावळकरांचा रस्ता बघा. जन्म १९४४चा. २००१मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेत ते आबा झाले तेव्हा वय ५७च्या आसपास, आणि आजोबा इतके खरे की पुढे आजोबाच मिळत राहायला हवे होते. पण २००६चा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी आणि ‘शेवरी’तली भूमिका अशा दोन कामांसाठी मिळून. ‘दशावतार’ २०२५मध्ये आला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते आणि भूमिका मध्यवर्ती होती. चेहरा, आवाज आणि चाल बदलण्याचं काम त्यांनी रंगभूमीवर सुरुवातीपासून केलं, त्यामुळे एका भूमिकेत अडकायची वेळ आली नाही. लोकप्रिय मालिकेतून बाहेर पडताना पुढची भूमिका वेगळ्या वयाची, वेगळ्या वर्गाची घ्यावी, पैसे थोडे कमी मिळाले तरी, हे यातून घेण्यासारखं.

विक्रम गोखले यांच्या बाबतीत शरीराने तारखा ठरवल्या. घशाच्या त्रासामुळे २०१६मध्ये त्यांनी रंगमंचावरून निवृत्ती घेतली. नाटकात दोन-अडीच तास आवाज फेकावा लागतो, कॅमेऱ्यासमोर माइक ते काम करतो, म्हणून सिनेमा-मालिका चालू राहिल्या. घसा हे नटाचं भांडवल आहे हे सगळे म्हणतात, तरी एकाच दिवशी बारा तासांची शिफ्ट आणि रात्रीचा प्रयोग घेतात. आवाज बसला तर तो बसलाच, कुजबुजत बोलून वाचवायला जाऊ नये, त्याने स्वरतंतूंवर उलट जास्त ताण येतो. गप्प बसावं.

मालिका संपल्यावरचे सहा महिने तारखांच्या दृष्टीने सगळ्यात फसवे. शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे अजून येत असतात, त्यामुळे काम चालू असल्यासारखं वाटतं. चौथ्या महिन्यात खातं कोरडं पडतं आणि नेमक्या त्याच वेळी पहिली हाक येते ती जवळजवळ तशाच भूमिकेची. ती नाकारायची असेल तर हिशेब आधी करून ठेवावा लागतो: महिन्याचा खर्च गुणिले सहा, त्यातून येणे असलेले पैसे वजा, नाटकाच्या नाइटा वजा. उरलेला आकडा मालिका चालू असतानाच बाजूला पडलेला असला, तर ‘विचार करून सांगतो’ असं फोनवर म्हणता येतं.